नावं कुठं कापायची

"उजे, तात्यांची यादी आली. काप."

माळवदकर काकांनी मोबाईल माझ्या टेबलावर सरकवला. मी एक नजर टाकली आणि म्हणाले, "काका, ही यादी नाही, हे अजगर आहे."

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एकच सलग मजकूर. ना स्वल्पविराम, ना कुठे ओळ तोडलेली. 'श्री. अमुक सौ. तमुक मा. श्री. फलाणे माजी सभापती चि. ओंकार' असं अंगठा दुखेपर्यंत खाली चालूच. दोनशे चौदा नावं. पुतणीच्या लग्नाची पत्रिका.

यादीचे मालक समोरच पंख्याखाली बसले होते. दत्तात्रय गरड. सगळा तालुका तात्या म्हणायचा. दूध संघाचे माजी चेअरमन. माजी होऊन सात वर्षं झाली होती, पण चेअरमनपण त्यांनी अजून अंगातून उतरवलं नव्हतं. झोपतानाही घालूनच झोपत असावेत.

"अजगर म्हण न्हायतर काय बी म्हण," तात्या म्हणाले, "एक बी नाव सुटता कामा न्हाई. नाव सुटलं की माणूस सुटला. मागच्या टायमाला धाकट्या मेव्हण्याचं नाव ऱ्हायलं, अजून माझ्या दारात पाय ठेवला न्हाई त्यानं."

"मग फायदाच झाला की तात्या. मुद्दाम सोडायची असतील तर तीही सांगा, आत्ताच सोडते."

काका खोकले. ते खोकले की मी गप्प बसायचं, असा आमच्यात करार होता. मी तो कधीच पाळला नाही.

ही दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. करमाळ्यात काकांचा छापखाना होता आणि मी तिथे पत्रिका लावायचे, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायचे. बारावीला दोनदा बसलेली आणि दोनदा उठलेली मी. कॉम्प्युटर मला कुणी शिकवला नाही. मोबाईलवरचे व्हिडिओ बघत, अर्धं इंग्रजी गिळत आणि अर्धं थुंकत शिकले. ज्यांच्या बापांनी त्यांना इंजिनिअर केलं, ती पोरं आमच्याकडे बायोडेटा छापायला यायची आणि मी त्यांच्या चुका काढायचे. तेवढंच सुख.

पत्रिकेच्या कामात जीव जातो तो नावं सुटी करण्यात. लोक यादी देणार सलग, आणि आपल्याला हवं प्रत्येक नाव वेगळ्या ओळीत. हातानं करायला बसलं की अख्खी सकाळ गेली. म्हणून मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. त्यात रेग्युलर एक्स्प्रेशन नावाची एक चीज असते. नावानं दचकायचं कारण नाही. कॉम्प्युटरला सांगून ठेवलेली खूण, एवढाच तिचा अर्थ. 'श्री.' दिसलं, 'सौ.' दिसलं, 'चि.' किंवा 'कु.' दिसलं, की त्याच्या अलीकडे काप. काका तिला सुरी म्हणायचे.

सुरी धडपणे चालायला चार महिने लागले. पहिल्यांदा चालवली तर तिनं कापता कापता खूणच गिळली, सगळ्यांचे 'श्री.' गायब, शंभर बाप्ये टोपीशिवाय उभे. मग तिनं नवरी कापली. नवरीच्या नावाआधी 'चि. सौ. कां.' असतं ना, त्याचे दोन तुकडे झाले; एक पोरांत गेला, एक बायकांत. मग कळलं की या खुणांच्या भाषेत टिंब म्हणजे टिंब नसतंच, टिंब म्हणजे 'कुठलंही एक अक्षर'. खरोखरचं टिंब हवं असेल तर त्याच्या आधी तिरकी रेघ मारून सांगावं लागतं, की बाबा, हे टिंबच आहे. हे कळेपर्यंत श्रीधर नावाच्या प्रत्येक माणसाचा 'श्री.' एकीकडे आणि उरलेला श्रीधर दुसरीकडे पडत होता.

आणि या खुणा मी आणल्या कुठून? छापखान्यातल्या जुन्या पत्रिकांतून. चाळीस-पन्नास पत्रिका समोर ठेवल्या आणि नावाच्या आधी लोक काय काय लिहितात ते एकेक टिपून काढलं. मला त्याचा फार अभिमान होता.

तुकडे झाले की प्रोग्रॅम ते डब्यांत टाकायचा. 'श्री.' पुरुषांच्या रकान्यात, 'सौ.' बायकांच्या, 'चि.' आणि 'कु.' तळाला पोरांच्या ओळीत, जिथे 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!' असं छापतात तिथे. आणि जे कुठल्याच डब्यात बसत नाही ते सगळ्यांत वर, निमंत्रकांच्या जागी, मोठ्या अक्षरांत. कारण असं उरायचं ते 'समस्त अमुक परिवार' असलंच काहीतरी.

"निमंत्रक मी," तात्या सांगत होते. "फोटू माझा. हा घे, फेट्यातला. आन् दोन्ही पार्ट्यांच्या साहेबांची नावं एका लेवलला पायजेत. एकाचं वर आन् एकाचं खाली दिसलं तर माझं राजकारण बसलंच."

"तुमचं राजकारण कधीचं बसलंय तात्या, तुम्ही खुर्चीवरून उठलात तेव्हाच—"

काका खोकले.

"मुलीचे वडील?" मी विचारलं.

"मधुदादा जाऊन अकरा वर्सं झाली. 'कै. मधुकर यांची कन्या' एवढं येतंय की वर."

"आणि मुलीची आई?"

"हाय यादीत. शेवटाला बघ. आमची ऋतुजा हटूनच बसली, आईचं नाव न्हाई तर पत्रिका वाटू देणार न्हाई म्हणली. आता शिकलेल्या पोरी. लिव कुठंतरी बारीक."

"बारीक म्हणजे किती बारीक?"

"तुला कळतंय की," तात्या उठत म्हणाले. "प्रूफ वहिनीलाच दाव. नवरदेवाकडच्या गावांची नावं तिला पाठ हायत. सही मी उद्या येऊन करतो."

ते गेले आणि मी सुरी चालवली. दोनशे चौदा नावं एका फटक्यात सुटी. मी कागद काढला, वरवर बघितला आणि डबा खायला बसले.

दुपारी कौसामावशी आल्या. कौसल्या गरड, नवरीची आई, तात्यांची वहिनी. पुढच्याच गल्लीत त्यांचं शिवणाचं दुकान होतं. अर्ध्या करमाळ्याचे ब्लाऊज त्यांच्या हातचे, माझेही. मापाची टेप गळ्यात तशीच ठेवून आल्या होत्या. खुर्ची दिली तर बसल्या नाहीत. चष्मा लावला, आणि उभ्या उभ्याच पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या.

"भावजी लई गोरं आल्यात."

"फोटोत आले. खर्च जास्त नाही त्याला."

त्या हसल्या. बोट खाली सरकत गेलं. पुरुषांचा रकाना संपला. बायकांच्या रकान्यात बोट हळू झालं, शेवटपर्यंत गेलं, परत वर आलं, परत खाली गेलं. मग तळाची ओळ आली आणि मावशींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत. हसत होत्या.

"उज्ज्वला, बघ ये. मला कुठं बसवलंय."

मी बघितलं. 'चि. ओंकार, कु. स्वरा, चि. साईराज गं. भा. कौसल्या मधुकर गरड. आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!'

"साईराजाचं नाव लई लांबलं," मावशी म्हणाल्या. "तीन वर्साचं पोर. कसं पेलंल एवढं?"

"कॉम्प्युटरनं केलं, मावशी."

"कॉम्प्युटरचं काय वाकडं केलंय मी?"

"त्याला तुम्ही दिसलाच नाही."

"एवढी जाड बाई?"

मग मी त्यांना सगळं सांगितलं. खुणा कशा असतात, सुरी खुणेच्या अलीकडे कशी कापते. नवरा गेलेल्या बाईच्या नावाआधी आपल्याकडे 'गं. भा.' लिहितात. गंगा भागीरथी. दोन नद्यांची नावं दिली की बाईचं काही विचारायला नको. ती खूण माझ्या सुरीला सांगितलेलीच नव्हती. त्यामुळे तिला वाटलं की साईराजचं नाव अजून संपलेलं नाही, आणि ती पुढे चालत राहिली.

"म्हंजे खडूची रेघ," मावशी म्हणाल्या. "कापायच्या आधी आमी कापडावर मारतो ती. रेघ न्हाई तर कात्री कुठं थांबणार?"

"तेच."

"मग माझी रेघ का मारली न्हाईस?"

"मी खुणा जुन्या पत्रिका बघून काढल्या मावशी. त्यांच्यात..."

मावशी भिंतीकडे बघत होत्या. तिथे दोरीवर आमच्याकडे झालेली लग्नं ओळीनं अडकवलेली होती, लाल, सोनेरी, गणपतीवाली.

"एकीत बी न्हाई?"

"एकीतही नाही."

"एवढी लगीनं, आन् एक बी विधवा न्हाई," मावशी म्हणाल्या. "समद्यांचे नवरे जित्ते. लई नशीबवान तालुका हाय बघ आपला."

मी लाल पेन घेतलं आणि प्रूफवर साईराजच्या नावापुढे रेघ मारली.

मावशींनी कागदाची घडी केली, परत उलगडली. "बारीक आलं तरी चालंल मला. पण पोरांत नगं. ऋतुजाचं समदं शिक्षाण या टेपवर झालंय. तिच्या पत्रिकंत मला जरा मोठं माणूस म्हणून येऊ दे. आन् मी बोलले म्हणून भावजींना सांगू नगंस."

त्या गेल्यावर मी नियम उघडला आणि त्यात 'गं. भा.' ची खूण घातली. मधे जागा सोडलेली असो किंवा नसो, टिंबांच्या आधी तिरक्या रेघा मारून, नीट. एका मिनिटाचं काम. सुरी वापरत होते त्या तीन वर्षांत सुचलं नव्हतं. मग सुरी परत चालवली.

आता नाव बरोबर सुटं झालं. साईराज पुन्हा चार अक्षरांचा झाला. पण सुट्या झालेल्या नावाला डबा नव्हता. 'श्री.' नाही, 'सौ.' नाही, पोरांत नाही. आणि ज्याला डबा नाही ते वर.

पडद्यावर आलं:

निमंत्रक
गं. भा. कौसल्या मधुकर गरड
श्री. दत्तात्रय सोपान गरड (तात्या), माजी चेअरमन

बोटभर उंच अक्षरं. तात्यांच्या फोटोच्या बरोबर शेजारी.

मी माउसवर हात ठेवला. नाव धरायचं, ओढायचं आणि बायकांच्या रकान्यात शेवटी सोडून द्यायचं. लहान पोरालाही जमेल. आत काका मशीनला शाई भरत होते.

"झालं का गं?" त्यांनी आतून विचारलं.

"झालं," मी म्हणाले आणि प्रूफ काढलं.

दुसऱ्या दिवशी तात्या आले ते गॉगल लावून. जवळचं वाचायचा चष्मा त्यांना होता, पण चष्म्यानं वय दिसतं म्हणून तो घरीच राहायचा. मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. लपवला नाही, घडी घातली नाही, वर हात ठेवला नाही. त्यांनी आधी फोटो बघितला. बराच वेळ बघितला. मग बोटानं 'माजी चेअरमन' शोधलं. मग माझी पट्टी मागून घेतली आणि दोन्ही साहेबांची नावं कागदाच्या वरच्या कडेपासून मोजली. दोन्हीकडे सारखंच भरलं.

"वा," तात्या म्हणाले. "डोकं हाय पोरीला."

आणि सही केली. लांबलचक, शेवटी दोन टिंबांची.

पत्रिकेत माणूस आपलंच नाव वाचतो. मी शेकडो प्रूफं दाखवली आहेत, यात फरक पडलेला बघितला नाही.

मशीनवर चढवताना काकांच्या मात्र लक्षात आलं. "उजे, हे वर... हे बरोबर आहे का?"

"तात्यांची सही आहे."

काकांनी सही बघितली. छापखान्याचा कायदा तिथे संपतो. सही आहे म्हणजे बरोबर आहे. बाराशे पत्रिका निघाल्या.

पत्रिका घरी गेल्या, आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी तात्या आले ते चष्मा लावून.

"हे कुणी केलं?" पत्रिका टेबलावर आपटली. "आत्याबाईचा फोन आला मला सकाळी. म्हणती, दत्ता, तू हायेस का गेलास? तुझी वहिनी कवापासनं आमंत्रणं द्याय लागली?"

"तात्या, बसा, पाणी घ्या," काका म्हणाले.

"पाणी नगं! कुणी केलं?"

"कॉम्प्युटरनं," मी म्हणाले.

"तुझ्या कॉम्प्युटरला कळतंय का, शुभकार्य हाय हे? पयलं नाव विधवेचं? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, मुलगी तिची आहे."

काका एवढे खोकले की शेजारचा झेरॉक्सवाला डोकावून गेला.

"तात्या, तुमची सही आहे प्रूफवर," काका कसेबसे म्हणाले.

"सही मी फोटूवर केलीया!" तात्या ओरडले. आपण काय बोललो हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यामुळे आवाज आणखी चढला. "ते काय मला सांगू नगा. लगीन अकरा दिवसांवर आलंय. दुरुस्त करा, न्हायतर गरडांची, पाव्हण्यांची, संघाची, एक बी पत्रिका इथनं पुढं तुमच्याकडं यायची न्हाई. आन् हिला आधी घरी बसवा. लई बोलती."

काकांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. भीती होती, आणि ती वाईट असते. रागाशी भांडता तरी येतं.

"पट्टी मारू," काका म्हणाले. "चिकटणारी. तुमच्या नावाची पट्टी छापतो, वरच्या नावावर बरोबर बसेल. कुणाला कळायचंही नाही खाली काय होतं."

तात्यांनी विचार केला. आपलं नाव दोनदा येणार, एकाखाली एक, हे त्यांच्या लक्षात आलं असावं; आणि त्यांना ते वाईट वाटलं नसावं.

"छापा."

पट्टी मी तयार केली. मावशींच्या नावाची लांबी मोजली, दोन्ही बाजूंना अर्धं सूत जास्त धरलं, म्हणजे कडेनं 'गं' चं टिंबसुद्धा डोकावणार नाही. 'श्री. दत्तात्रय सोपान गरड, माजी चेअरमन.' बाराशे वेळा. हेही सांगून टाकते. स्वतःच्या शूरपणाच्या गोष्टी सांगताना लोक नेमकं एवढंच गाळतात. मला घरी बसायचं नव्हतं आणि मी पट्टी छापून दिली.

संध्याकाळी तात्यांनी वहिनींना छापखान्यात बोलावून घेतलं. पुढच्या गल्लीतून यायला कितीसा वेळ.

"वहिनी, प्रेसवाल्यांची चूक झालीया," तात्या मऊ आवाजात म्हणाले. वहिनींशी ते नेहमीच मऊ बोलायचे; मऊ बोलून माणूस काय काय करू शकतो याचा ते चालता नमुना होते. "तुमी मनाला लावून घेऊ नगा. बायकांना सांगून एवढ्या पट्ट्या तेवढ्या चिकटवून घ्या."

मावशींनी पट्ट्यांचा गठ्ठा हातात घेतला. वरची पट्टी वाचली. गेले तीन दिवस छापलेल्या पत्रिका त्यांच्याच घरी होत्या, आणि त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"समद्या बाराशेला हायत का?"

"बाराशेला. तीसेक वाटल्या गेल्या, त्या ऱ्हाऊ द्या."

"मग मीच करते की. बाकीच्यांना कशाला तरास? शिवता शिवता होतंय."

तात्यांनी सुटकेचा श्वास टाकला. "बघा माळवदकर. आमची वहिनी अशी हाय. समजूतदार."

ते पुढे गेले. मावशी पिशवीत गठ्ठा भरत मागे राहिल्या. काका आत गेले होते.

"कॉम्प्युटरनं केलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"पोरांत टाकलं ते कॉम्प्युटरनं. वर ठेवलं ते मी."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मग माझी बाही दोन बोटांत धरून ओढून बघितली. "दंडात घट्ट झालाय तुला हा. ये एकदा, उसवून देते."

पाच दिवसांनी मी ब्लाऊज घेऊन गेले. दुकानात कापलेल्या कापडांचे गठ्ठे होते, लग्नसराईचे, एकावर एक. आणि प्रत्येक गठ्ठ्यावर एक पट्टी. 'श्री. दत्तात्रय सोपान गरड, माजी चेअरमन', आणि त्यावर पेनानं लिहिलेलं: छाती छत्तीस, गळा मटका, बाही कोपरापर्यंत. पलीकडच्या गठ्ठ्यावर: श्री. दत्तात्रय सोपान गरड, माजी चेअरमन, कंबर चौतीस, मागे लेस.

मी दारातच खाली बसले. हसू आवरेना.

"मावशी!"

"लई झ्याक चिकटत्यात," मावशी मशीन न थांबवता म्हणाल्या. "आधी टाचणीनं कागद लावायचो. बोटात घुसायची."

"आणि पत्रिकांना?"

"पत्रिकांना कशाला? त्यांच्यावर नाव छापलेलं हाय की."

"तात्यांना कळलं म्हणजे?"

मावशींनी आता मशीन थांबवलं. "तेवढ्या समद्या मी सवता दारोदार जाऊन दिल्यात. कुकू लावून. दिलेली पत्रिका ते काय परत मागून आणत्यात?" मग पिशवीतून एक पत्रिका काढली, वर 'सहपरिवार' लिहिलं आणि पेन उचलून थांबल्या. "तुमच्या घरात आता मोठं कोण? आईच ना? नाव काय गं तिचं? मी आपली उज्ज्वलाची आई म्हणती."

"रखमाबाई. रखमा किसन लोंढे."

त्यांनी ते लिहिलं, सावकाश, नीट अक्षरात.

लग्नात तात्यांना कळायचं ते कळलंच. पण ते अशा रीतीनं कळलं की बिचाऱ्यांना काही करता आलं नाही. दोन्ही साहेबांपैकी एकांनी माईक हातात घेतला आणि सांगितलं की तात्यांचा मोठेपणा बघा, विधवा वहिनीचं नाव स्वतःच्या वर घातलं, याला म्हणतात पुरोगामी घर. मांडवात टाळ्या पडल्या. तात्यांचे हात आपोआप जोडले गेले, आणि टाळ्या थांबेपर्यंत जोडलेलेच राहिले. जेवणाच्या पंगतीत मी त्यांना बोलताना ऐकलं: "मीच म्हणलं, वहिनी, नाव तुमचंच वर पायजे. त्या नगं नगं म्हणत हुत्या." मावशी शेजारीच बुंदी वाढत होत्या. त्यांनी तात्यांच्या पानात एक डाव जास्त टाकला आणि पुढे गेल्या.

आई आली होती लग्नाला. एरवी ती कुठल्या लग्नाला यायची नाही. वडील गेल्यापासून अक्षता टाकायला पुढे जाणं तिनं सोडूनच दिलं होतं, अगदी माझ्या भावाच्या लग्नातही. या वेळी निघाली, कारण पत्रिकेवर तिचं नाव घालून बोलावलं होतं.

घरी आल्यावर लुगडं बदलायच्या आधीच ती पत्रिका घेऊन दारात उजेडाला बसली. आईला वाचता यायचं ते थोडं, प्रौढ साक्षरतेच्या वर्गात चाळिशीनंतर शिकलेलं. एकेका अक्षरावर बोट ठेवून, ओठ हलवत.

"कौ... स... ल्या. हीच का गं शिवणारीण?"

"हो."

"पयलंच हाय. लगीच घावलं." तिला मोठी गंमत वाटली. ते नाव तिनं आणखी एकदा वाचलं. मग पत्रिका मांडीवर ठेवली.

"आपल्या रवीच्या लग्नाच्या वक्ताला मी बी असंच घेऊन बसायची रोज," ती म्हणाली. "तुमी दोघं कामाला गेला की. पार खालपतूर बघायची, बोट लावून. माझं काय घावलंच न्हाई. कुणाला इचारायची बी लाज वाटली. मला वाटलं, अजून नीट वाचाय येत न्हाई मला."

रवी माझा थोरला भाऊ. त्याची पत्रिका मीच लावली होती.